तीन बिड्यांचं पाणी

आमच्या मौलाचा उजवा गुडघा तसा त्याचाच, पण अडतीस वर्षं वापरला गावानं.

पिरंगुटहून घोटावड्याकडं जाताना एक फाटा फुटतो, त्याच्या आत आमचं गाव. त्या गावात मौला नळाला पाणी सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण टाकी एक आणि आळ्या सात, त्यामुळं पाणी एकदम सगळ्यांना देता येत नाही, वाटून द्यावं लागतं. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणांखाली वॉल असतात. झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, वाकून फिरवायची, त्या आळीचं भरून होईस्तोवर थांबायचं, मग बंद करून पुढच्या वॉलकडं जायचं. असे तेवीस वॉल. आज ह्या आळ्या, उद्या त्या, पण रोज पहाटे पाचपासून. ऊन असो, थंडी असो, ईद असो.

मौला माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे चौसष्टचा. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आणि आमचे मालक गेल्यापासून त्याच्याच घरी राहते. त्यामुळं त्याच्याबद्दल काहीही बोलायचा मला हक्क आहे आणि मी तो कधी वाया घालवत नाही.

साठ वर्षं भरली तेव्हा पंचायतीनं मौलाला शाल दिली, नारळ दिला, दोन जणांनी भाषणं केली. दुसऱ्या दिवशी पहाटे शिपाई एकनाथ दारात. म्हणाला, "मौलाभाई, चला. पाणी कोण सोडणार?" नारळ अजून फोडलासुद्धा नव्हता.

खरं सांगायचं तर आमचं अख्खं गाव असंच म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर उभं आहे. वायरमन खांबावर चढतो तेव्हा खाली दोघं जण त्याची काठी आणि चष्मा धरून थांबतात. एकनाथ अठ्ठावन्नचा आहे, पण पंचायतीत त्याला 'पोरगा' म्हणतात, कारण त्याच्याहून लहान तिथं कुणी नाही. आमच्यात कबर खोदणारे चाचा खोदता खोदता दमून खड्ड्यातच बसतात. मग वरून कुणी तरी म्हणतं, "चाचा, उठा, ही तुमची न्हाई."

तरणी पोरं नाहीत असं नाही. सकाळी सातला फाट्यावर बघा, कंपनीच्या बसची वाट बघत शंभर उभी असतात. मौलाचा शाकिरही हिंजवडीच्या कंपनीची गाडी चालवतो. पाण्याच्या कामाला माणूस पाहिजे, अशी पाटी पंचायतीनं लावली ती दोन उन्हाळे लटकली. अक्षरं उडाली, पण माणूस आला नाही. म्हणजे दोघं आले होते. एकानं विचारलं, "रविवारी सुट्टी असती का?" मौला म्हणाला, "असती की. रविवारी गावाला तहान लागत न्हाई." दुसरा दोन दिवस टिकला. मौलानं त्याला काम शिकवलं ते असं, की चावी स्वतःच्या हातात धरली आणि त्याला म्हणाला, "बघ." तो बघून बघून कंटाळला आणि निघून गेला. त्यावर मौला आठ दिवस खूश होता. "हे काम कुणाच्या बापाला जमायचं न्हाई," म्हणाला. ह्याला दुःख म्हणायचं की बढाई, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि इकडं गुडघा. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच फोटो काढून सांगितलं होतं की वाटी बदलायला लागेल. ह्यानं तारीख घेतली आणि मोडली, कारण टंचाई होती. दुसरी घेतली, तीही मोडली, कारण नव्या सोसायटीची लाइन जोडायची होती. मग मागच्या खेपेला बाईंनी त्याचा पाय हातात धरून सांगितलं, "बाबा, ही दिवाळी गेली तर पाय कायमचा वाकडा राहील. मग काठी घेऊनसुद्धा चालता येणार नाही."

मौलानं मान हलवली. घरी येऊन मला म्हणतो, "दिवाळीत पाणी जास्त लागतं गं आपा."

मग मी सरळ जया सरपंचांकडं गेले. जया आमच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली मुलगी, आता सरपंच. ती त्याच संध्याकाळी आमच्याकडं आली, चहा घेतला आणि म्हणाली, "मौलाभाई, आता ह्या कामावर पाणी सोडा."

"रोजच तर सोडतोय," मौला म्हणाला. "आणखी कुटं सोडू?"

"तसं न्हाई हो. काम सोडा म्हणतीये मी."

"मग तसं सरळ बोल की. पाणी म्हटलंस की मला वॉलच दिसतो."

जयानं एक तोड काढली. नव्या सोसायटीत निरंजन म्हणून एक परभणीचा मुलगा राहतो, हिंजवडीत कम्प्युटरवर काम करतो. चांगला मुलगा. तो म्हणाला, काकांच्या डोक्यातलं सगळं मी मोबाईलवर उतरवून घेतो, नकाशा करतो, मग कुणीही पाणी सोडू शकेल. रविवारी दोघं फिरायला निघाले. मला वरच्या आळीतल्या आरिफाकडं जायचं होतं, म्हणून मी त्यांच्या मागं मागं चालले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"हा चिंचेखालचा वॉल," मौला म्हणाला.

निरंजननं वर बघितलं, आजूबाजूला बघितलं. "काका, चिंच कुठंय?"

"पाडली. रस्ता रुंद केला तवा."

"मग ह्याला चिंचेखालचा कसं म्हणायचं?"

"चिंचेखाली हाय म्हणून."

पुढं कोंडिबाच्या म्हशीचा वॉल. तिथं आता जिम आहे, पोरं काचेआड पळत असतात आणि कुठंच पोचत नाहीत. निरंजननं विचारलं, "म्हैस?" मौला म्हणाला, "म्हैस जाऊन वीस वर्षं झाली. कोंडिबा जाऊन नऊ." निरंजननं बिचाऱ्यानं मोबाईलमध्ये लिहिलं, 'म्हैस वॉल, जिमसमोर'.

"ह्यावर कुठली आळी?"

"वरची."

"तिला किती वेळ पाणी सोडता?"

"तीन बिड्या."

"काका, एक्झॅक्ट मिनिटं किती?"

"मिनिटं मी कधी वढली न्हाईत बाबा."

आता ह्यात एक गंमत आहे. मौलानं बिडी सोडून बारा वर्षं झाली, छातीच्या डॉक्टरनं बंद केली. पण पाण्याचं माप तेच राहिलं. वॉल उघडला की हा दगडावर बसतो, दोन बोटं ओठांपाशी नेतो, लांब बघत राहतो, आणि बरोबर वेळ झाली की ती नसलेली बिडी दगडावर विझवून उठतो. खालच्या आळीला दोन, चिंचेला एक, वरच्या आळीला तीन. बारा वर्षं गाव न ओढलेल्या बिड्यांवर पाणी भरतंय आणि कुणाचा एक हंडा कमी झाला नाही.

निरंजन हुशार मुलगा. त्यानं दुकानातून बिडीचं बंडल आणलं आणि गच्चीवर जाऊन, मोबाईलचं घड्याळ लावून, स्वतः एक ओढून बघितली. खोकून खोकून डोळे लाल झाले, पण आकडा मिळाला. साडेचार मिनिटं. बायकोला, क्षितिजाला, शर्टाचा वास आला. तिनं दोन दिवस त्याचं ताट बाल्कनीत वाढलं. असा त्या आकड्यासाठी त्यानं त्यागही केला. नकाशावर लिहिलं गेलं, वरची आळी, साडेतेरा मिनिटं.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी मौलाला एक दिवस पुण्याला जावं लागणार होतं. तारीख मिळाली होती, तिसरी. त्या दिवशी नकाशा घेऊन एकनाथनं पाणी सोडलं. मोबाईल वाजला की वॉल बंद. सगळं अगदी मिनिटावर.

आम्ही दुपारी परत आलो तेव्हा पंचायतीसमोर वरच्या आळीच्या बायका रिकाम्या हंड्यांसकट बसल्या होत्या. आरिफा सगळ्यांत पुढं. "एक पिंपसुद्धा भरलं न्हाई! मोबाईलनं पाणी सोडता, मग मोबाईलवरच धुणं धुवायचं का आमी?" एकनाथ मोबाईल दाखवत होता, निरंजन बिडीचा हिशेब समजावत होता, आणि जयाला कुणाकडं बघून हसावं तेच कळत नव्हतं.

मौला गाडीतून उतरला. चेहरा गंभीर, पण दाढीच्या आत हसत होता, मला दिसतं ना. लंगडत लंगडत गेला, वॉल उघडला, दगडावर बसला, दोन बोटं ओठांपाशी नेली. आळी भरली. घरी आल्यावर म्हणतो, "आपा, डॉक्टरीणबाईंना फोन कर. तारीख पुढं ढकला म्हणावं."

"गुडघा तुझा हाय, फोन तू कर," मी म्हटलं. "आणि सांग त्यांना, की मला पाय नको, गावानं माझं नाव घेतलं की पुरे."

फोन मात्र त्यानं केला. तारीख आणखी तीन आठवड्यांनी मिळाली. दिवाळीच्या आतली ती शेवटचीच, असं बाईंनी बजावलं.

ह्या सगळ्यात आमची सून, शाकिरची बायको आसमा, गप्प होती. आसमा बारावी झालेली. पिरंगुटला एका कंपनीत आठ वर्षं खोक्यात माल भरायचं काम करत होती. मग तिथं मशीन आलं. आठ बायकांचं काम ते एकटं करतं आणि त्याच्यापाशी एक डिप्लोमावाली मुलगी बटण दाबायला उभी असते. आठही बायका घरी. तेव्हापासून आसमा ब्लाउज शिवते आणि मनातल्या मनात काहीतरी करत असते.

दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन आळीआळीनं फिरायला लागली. वॉलकडं नाही, नळांकडं. बायकांना विचारायची, पाणी आल्यापासून जाईपर्यंत तुमचं काय काय होतं? बायकांना कुणी कधी हे विचारलंच नव्हतं. आरिफा म्हणाली, "माझी दोन पिंपं होतात, सहा हंडे, मग अंगण, मग पायरी. पायरी पुसून उभी राह्यले की नळ सूं सूं करतो." आसमा तिथं तीन दिवस घड्याळ घेऊन उभी राहिली. अडतीस मिनिटं, एकोणचाळीस, अडतीस.

"फुफी," ती मला म्हणाली, "अब्बांची एक बिडी तेरा मिनिटांची कशी? निरंजनभाऊंची तर साडेचारची."

मला हसू आलं. "अगं, निरंजननं बिडी एकट्यानं वढली. तुझा सासरा तिथं कोंडिबाबरोबर वढायचा. बोलता बोलता विझायची, परत पेटवायचा. परत विझायची."

कोंडिबाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्याच्या गप्पांएवढं पाणी वरच्या आळीला अजून मिळत होतं. चिंचेपाशी बोलायला कुणी नव्हतं आणि ऊन तोंडावर यायचं, म्हणून तिथली बिडी पाचाची. प्रत्येक वॉलची बिडी निराळी. हे निरंजनच्या मोबाईलला कुठून कळणार? मौलालाही माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, बिडी म्हणजे बिडी.

तेवीसच्या तेवीस वॉलचा हिशेब झाल्यावर आसमानं जेवताना विषय काढला. "अब्बा, मी सोडू का पाणी?"

मौलाचा घास हातातच राहिला. "तू?"

"व्हय."

"पहाटे पाचला? चावी खांद्यावर टाकून? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील पाणी आलं," मी म्हटलं.

"आपा, तू मधी पडू नगंस. अगं, वॉल फिरवायला ताकद लागती. बायामाणसाचं काम हाय का ते?"

"तुझ्या पायानं आता बायामाणसाचं काम तरी व्हतं का? परवा डबा उचलताना बसलास."

शाकिर खाली मान घालून रस्सा भुरकत होता. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं?" तो म्हणाला, "माझं काई म्हणणं न्हाई. अब्बांचं काय म्हणणं असंल ते त्यांना तूच सांग." असा आमचा शूर मुलगा.

शेवटी जयानं ठरवलं. आठ दिवस आसमा पाणी सोडेल आणि मौला घरात बसेल. जमलं तर तिलाच कामावर घ्यायचं. नाही जमलं तर मौलाचा पाय आणि मौलाचं नशीब.

पहिल्या दिवशी आसमा निघाली तेव्हा तिच्याकडं चावीशिवाय एक हातभर पोकळ पाइप आणि ग्रीसचा डबा होता. वॉलच्या आट्यांना ग्रीस लावलं, चावीच्या मुठीवर पाइप चढवला, दांडा लांब झाला आणि वॉल दोन हातांनी सरसर फिरला. अडतीस वर्षं हा माणूस दात-ओठ खाऊन ते फिरवत होता! मी विचारलं, "तू ग्रीस का लावलं न्हाईस रे कधी?" म्हणाला, "लागलं न्हाई कधी." लागलं नाही म्हणे. गुडघ्याला विचार.

मौला ओट्यावर बसून राहिला. पाण्याची नाही, तो तक्रारीची वाट बघत होता. कुणी रस्त्यानं गेलं की मान वर करायचा. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, चौथा गेला. कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी आरिफा येताना दिसली. मौला सावरून बसला, टोपी नीट केली.

"ये आरिफा. पाणी आलं न्हाई व्हय?"

"आलं की."

"कमी आलं असंल."

"न्हाई. नेहमीसारखं."

"गढूळ हाय का?"

"सोच्छ हाय मौलाभाई."

"मग आलीस कशाला?"

"आपांकडनं पिठाची चाळणी न्यायला."

तिला चाळणी दिली. ती गेली. मौला आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. दुपारी जेवला नाही. मी किती चेष्टा केली असती, पण त्या दिवशी माझीही जीभ वळली नाही. अडतीस वर्षं ज्या गावाला वाटत होतं की हा नसला तर आपण तहानेनं मरू, त्या गावाला पाच दिवसांत चाळणी आठवायला लागली. माणसाला ते पचायला वेळ लागतोच.

सातव्या दिवशी मात्र तो उठला आणि काठी टेकत वरच्या आळीला गेला. मी मागं. आसमा त्याच दगडावर बसली होती. मांडीवर वही, शेजारी दोन-तीन बायका, गप्पा चालू. मौलानं हात पुढं केला. तिनं उठून वही दिली. वहीत निरंजनची नावं नव्हती, मौलाचीच होती. चिंच. म्हैस. मारुतीमागचा. आणि प्रत्येकापुढं लिहिलेलं, इतक्या बिड्या म्हणजे इतकी मिनिटं.

त्यानं चष्मा लावला. बोट वहीवरून खाली खाली गेलं आणि एका जागी थांबलं.

"हे चुकलंय," म्हणाला.

आसमाचा चेहरा पडला.

"मारुतीमागचा तू सात मिनिटांनी बंद करतीस. उन्हाळ्यात ठीक हाय. पण थंडीत टाकीवर पाणी उशिरा चढतं, तवा नऊ लागतात. लिही." ती लिहायला लागली. "आणि शाळेपुढचा वॉल उलटा हाय. सगळे डावीकडं उघडतात, तो उजवीकडं. फिटरनं उलटा बसवला तवापासून तसाच हाय."

"हे तुमी निरंजनभाऊंना सांगितलं न्हाई?"

"त्यानं इचारलं न्हाई."

"दुसऱ्या कुणाला?"

मौला खाकरला. "लिही तू. बोलत बसू नगंस."

त्या दिवशी तो दोन तास उभा होता त्या पायावर. जे अडतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगत होता. कुठला वॉल पावसात गळतो, कुठल्या झाकणाखाली विंचू असतात, कुठल्या घरची म्हातारी पाणी आलं तरी उठत नाही म्हणून तिच्या दाराची कडी वाजवायची. संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच म्हणाला, "आपा, त्या बाईंना फोन करून सांग, येतोय म्हणावं."

पुढचं सगळं नीट झालं. वाटी बसली, पाय सरळ झाला, आता वॉकर घेऊन अंगणात फिरतो आणि मला शिव्या देतो. पण मला सांगायची आहे ती ऑपरेशनला निघालो त्या सकाळची गोष्ट.

शाकिरनं गाडी दारात आणली. मौला आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून मागच्या सीटवर बसला, पाय लांब करून. पुढं मी बसले. त्यानं मान वळवून घराकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"आसमा कुटं हाय?"

"वरच्या आळीचा दिवस हाय," मी म्हटलं.

"आजच्या दिवशी तरी..." एवढं बोलला आणि थांबला.

शाकिर जन्मला तेव्हा दवाखान्यात मी होते, मौला नव्हता. वरच्या आळीचा दिवस होता. आमच्या अम्मीला कबरस्तानात न्यायचं होतं तेव्हा लोक दारात तासभर थांबले होते, कारण हा वॉल बंद करून येत होता. ह्याची बायको, अल्ला तिला जन्नत देवो, शेवटच्या आजारात होती तेव्हा तिनं कितीदा तरी विचारलं असेल, आज थांबता का जरा? तिलाही प्रत्येक खेपेला हेच उत्तर. आज ते उत्तर पहिल्यांदा त्याच्या वाट्याला आलं. मी काही बोलले नाही. मला न बोलता राहता येतं, हे शाकिरलाही त्या दिवशीच कळलं असेल.

गाडी फाट्यापर्यंत गेली. कंपनीच्या बसला थांबलेली पोरं दिसायला लागली, तेव्हा मागून आवाज आला.

"आपा, ती चिडत असंल का गं माझ्यावर?"

"कोण, आसमा?"

"न्हाई. शाकिरची आई."

"चिडायची ना," मी म्हटलं. "पण आधी पाणी भरून घ्यायची."